काशाची छिन्नी

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. इस्राएलच्या डोंगरांत, जिथं उतारावर जैतुनाची झाडं आणि खाली जवाची शेतं होती, तिथं एक लहानसं राज्य होतं. राज्य कसलं, एक डोंगर, त्यावर तटबंदीचं एक गाव आणि भोवती थोड्या वाड्या. पण त्या राज्यातली एक गोष्ट लांबलांबच्या लोकांना ठाऊक होती. ती म्हणजे तिथली वेदी.

वेदी दिसायला अगदी ओबडधोबड होती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दगडांचा ढीगच वाटायचा. या लोकांच्या वाडवडिलांनी इथं वस्ती केली, तेव्हा प्रत्येक घराने आपल्या शेतातला एक दगड उचलून, छातीशी धरून वर आणला आणि जसा होता तसा ठेवला. कुणाचा टोकदार, कुणाचा चपटा, कुणाचा मधेच फुगलेला. कुणी कुणाचा दगड नीट करायला गेलं नाही. देवाची तशी आज्ञाच होती, की माझ्या वेदीला लोखंड लावू नका. लोखंडाच्या तलवारी होतात, माणसं मरतात, ते इथं नको.

म्हणून नवा राजा गादीवर बसायचा झाला की मुकुट घालण्याआधी त्याला वेदीपाशी नेत. दगडांवर तळहात टेकून तो म्हणे, "मी हिला लोखंड लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही." मग मुकुट. आणि पुढं दरवर्षी कापणीच्या सणाला सगळ्या लोकांसमोर त्याने सांगायचं, "मी हिला लोखंड लावलेलं नाही."

एल्यादा राजानेही ही शपथ घेतली होती. एल्यादा माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढं तुम्हाला त्याचा राग येईल. तो लोकांची गाऱ्हाणी शांतपणे ऐकून घ्यायचा. शब्बाथाच्या, म्हणजे देवाने नेमलेल्या विसाव्याच्या, दिवशी बैलांनासुद्धा जुंपू द्यायचा नाही. हुशारही होता. जरा जास्तच हुशार होता, असं म्हणा.

लहानपणी त्याची आई त्याला वेदीपाशी घेऊन जायची आणि त्याचा इवलासा हात एका दगडावर ठेवायची. तो दगड बाकीच्यांपेक्षा उंच होता आणि त्याच्या डोक्यावर अंगठा मावेल एवढा खळगा होता. "हा आपल्या घरचा," आई म्हणायची. "वेडावाकडा आहे ना? असू दे. देवाने त्याला असाच घेतला. तुलाही असाच घेईल." आई गेली, मुलगा राजा झाला, तरी मन उदास झालं की तो तिथं जायचा आणि त्या खळग्यात अंगठा ठेवून बसायचा. तेवढ्याने त्याला बरं वाटायचं.

राणी लवकर वारली होती. मागे एकच मुलगी, तिरसा. राजाचा सगळा जीव तिच्यात.

मग वाईट वर्षं आली. वाळवंटाकडून उंटांवर बसून लुटारू यायचे, तेही बरोबर मळणीच्या दिवसांत. खळ्यावरचं धान्य उचलून न्यायचे आणि नेता येणार नाही त्याला आग लावायचे. वर्षभर राबलेली माणसं काळ्या राखेकडे बघत बसायची. राजाच्या चिमूटभर शिपायांनी किती पळावं? लोक उपाशी झोपू लागले, आणि राजाच्याही घशाखाली घास उतरेना.

अशात समुद्रकाठच्या मोठ्या राजाचा निरोप आला. त्याच्याकडे रथ होते, घोडे होते, आणि मोजता येणार नाहीत एवढे शिपाई. त्याने कळवलं, "तुमच्या खिंडीत माझे शिपाई ठेवतो. लुटारू पुन्हा तोंड दाखवणार नाहीत. मात्र आपला करार दोघांच्या देवांच्या साक्षीने व्हावा. माझा दूत आमच्या देवाची मूर्ती घेऊन येईल. शपथ होईपर्यंत ती तुमच्या वेदीवर उभी राहील. शपथ झाली की तो मूर्ती घेऊन परत जाईल."

एल्यादाला हे आवडलं नाही. पण जळालेली खळी डोळ्यांपुढं आली की त्याची नावड मागं पडायची. 'घटकाभराचा तर प्रश्न आहे,' तो स्वतःशी म्हणाला. 'आपण थोडेच तिला नमस्कार करणार आहोत?'

दूत आला. त्याच्यासोबत त्यांच्या देवाची मूर्ती होती, हातभर उंचीचा पितळी बैल, खाली सपाट बैठक. लोक जमले. दूताने मोठ्या मानाने बैल वेदीवर ठेवला, तो एका बाजूला कलला आणि धाडकन खाली आला. दूताने तो उचलला, पुसला, दुसऱ्या दगडावर ठेवला. तिथूनही घसरला. पोरं खिदळायला लागली. बायकांनी ओढण्या तोंडाला लावल्या. त्या वेड्यावाकड्या दगडांवर बैलाला उभं राहायला जागाच नव्हती.

खरं तर दगडांनी राजाचं काम सोपं करून टाकलं होतं. तिथंच हात जोडून म्हणायचं, 'बघा, आमची वेदीच याला घेत नाही.' एवढं बोलला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण राजा गप्प राहिला.

दूत घाम पुसत म्हणाला, "महाराज, हा एक उंच दगड आहे ना, तो तेवढा वरून सपाट करून घ्या. चार टवके काढले की काम होईल."

त्याने बोट दाखवलं होतं ते नेमकं आईच्या दगडाकडे.

"आम्ही वेदीला लोखंड लावत नाही," राजा म्हणाला.

"जशी मर्जी," दूत म्हणाला. "मग उद्या मी निघतो. खिंडीत शिपाईही येणार नाहीत."

राजा घरी आला आणि येरझाऱ्या घालू लागला. लोखंड लावायचं नाही. लोखंड लावायचं नाही. मनातल्या मनात हेच घोळवता घोळवता तो एकदम थांबला. त्याच्या त्या जास्तीच्या हुशारीने डोकं वर काढलं होतं.

तो तडक म्हाताऱ्या याजकाकडे गेला. वेदीची सगळी सेवा या याजकाकडे होती, आणि एल्यादाच्या डोक्यावर मुकुटही त्यानेच ठेवला होता. याजक दिव्यात तेल घालत बसला होता.

"आज्ञेत लोखंड म्हटलंय ना?" राजाने विचारलं.

"हो."

"काशाचं काही म्हटलंय का?"

याजकाचा हात थांबला. त्याने तेलाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "नाही, तसं काही म्हटलेलं नाही. ते वेगळं सांगावं लागेल असं कुणाला वाटलं नसेल, राजा."

"लोकांची पोरं उपाशी आहेत. तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं ना. म्हणून तर सांगतो, देवापुढं जाऊन रड. भांड त्याच्याशी. आज्ञा मोडायची असेल तर तसं तोंडावर सांग, तो ऐकून घेईल. पण त्याच्याच शब्दातून पळवाट काढू नकोस. ती एकदा पाडलीस की तिच्यातून कोण कोण येईल, ते तुझ्या हातात राहणार नाही."

"मी आज्ञा मोडतच नाहीये," राजा चिडून म्हणाला.

"नाही, मोडत नाहीयेस," याजक म्हणाला आणि पुन्हा दिव्यात तेल घालू लागला. त्याचे डोळे भरून आले होते, पण राजाचं तिकडं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काशाची छिन्नी तयार झाली, पण ती धरायला माणूस मिळेना. गावातल्या एका पाथरवटाची पाठ धरली होती. दुसऱ्याची लेक बाळंत व्हायची होती. तिसरा सासुरवाडीला गेला होता म्हणे, जिथं तो कधीच जात नसे. शेवटी राजाने स्वतःच छिन्नी हातात घेतली.

तिरसा त्याच्या मागोमाग आली होती. दूताचा बैल पुन्हा पडतो का, ते तिला पाहायचं होतं.

"बाबा, ही लोखंडाची नाही ना?"

"नाही गं. काशाची आहे."

"दगडाला फरक कळतो?"

"दगडाला कशाला कळायला हवा? शपथेला कळला म्हणजे झालं."

तिरसाने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. तिला ते पटलं. वडिलांनी सांगितलेलं तिला नेहमीच पटायचं.

टवके उडाले. पहिल्याच घावाला खळगा गेला. बैल त्या जागी अगदी ऐटीत उभा राहिला. शपथा झाल्या, दूत मूर्ती घेऊन निघून गेला, आणि त्या वर्षी एकही खळं जळलं नाही. लोकांनी पोटभर भाकरी खाल्ली. वीज पडली नाही, धरणी फाटली नाही, काही म्हणता काही झालं नाही. कापणीच्या सणाला राजाने सगळ्यांसमोर म्हटलं, "मी वेदीला लोखंड लावलेलं नाही." ते खरंच होतं. याजक मात्र त्या वेळी खाली जमिनीकडे बघत होता.

पुढं काय झालं, ते हळूहळू झालं. वेदीवर आता एक सपाट जागा होती, आणि सपाट जागा दिसली की माणसाला तिथं काहीतरी ठेवावंसं वाटतंच. कुणी दिवा ठेवला. समुद्रकाठचे व्यापारी यायचे ते आपले छोटे देव तिथं मांडून सौदे करायचे आणि जाताना उचलून न्यायचे, कधी विसरायचेही. मग शेजारच्या दगडाचे मालक म्हणाले, "महाराजांचा दगड गुळगुळीत, मग आमचाच का ओबडधोबड?" राजाला नाही म्हणायला तोंड नव्हतं. एकामागून एक दगड घासले गेले. ज्या पाथरवटाची पाठ धरली होती, तीही सुटली आणि तो आनंदाने कामाला लागला. सगळं काम काशाच्या छिन्नीने, बरं का. त्याबाबतीत कुणी चूक केली नाही.

म्हातारा याजक या काळातच वारला. वेदी आता फार सुंदर दिसायची. परके लोक येऊन वाखाणायचे. राजाही वाखाणायचा. फक्त कधी मन उदास झालं आणि तो तिथं जाऊन बसला, तर त्याचा अंगठा त्या गुळगुळीत दगडांवरून नुसता फिरत राहायचा. आपल्या घरचा दगड कोणता, ते हाताला कळत नसे.

तिरसा मोठी झाली. समुद्रकाठच्या राजाने आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. नाही म्हणणं अवघड होतं, कारण खिंडीत त्याचे शिपाई होते. मुलगाही चांगला होता. पण एल्यादाला एक भीती होती. तिथं हिला त्यांच्या बैलापुढं वाकायला लावलं तर? जे लेकराच्या कानावर पाळण्यापासून घातलं, ते सगळं तिथं पुसलं जाईल.

त्याने अट घातली. समुद्रकाठचा राजा स्वतः आला आणि त्याने वेदीवर हात ठेवून शपथ घेतली, "आमच्या देवापुढं हिची मान वाकवायला माझ्या घरातलं कुणीही हिला हात लावणार नाही." एल्यादाचा जीव भांड्यात पडला. एवढी स्पष्ट शपथ, तीही वेदीवर! त्याने मुलीला जवळ घेतलं.

"बाबा, तिथं त्यांनी मला वाकवलं तर?"

"कुणी वाकवणार नाही. आपल्या वेदीवर शपथ घेतलीय त्यांनी."

तिरसाने वेदीकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं. पण उंट तयार होते, आणि सगळे रडत होते, त्या गडबडीत ते राहूनच गेलं.

तीन-चार वर्षं गेली. तिरसाला मुलगी झाली, ती चालायला लागली. मग एकदा राजा सवड काढून लेकीला भेटायला समुद्रकाठी गेला. केवढा तो राजवाडा! उंच उंच दरवाजे, हत्ती जाईल एवढे. एका नोकराने त्याला तिरसाच्या महालापाशी आणलं, आणि राजा थबकला.

या एकाच महालाचा दरवाजा बुटका होता, जेमतेम माणसाच्या छातीएवढा. आणि आत, बरोबर समोर, कोनाड्यात तोच पितळी बैल. दरवाजातून आत जायचं म्हणजे कमरेत वाकायचं, आणि वाकायचं ते थेट बैलापुढं.

तेवढ्यात बागेतून तिरसा आली. तिचं वडिलांकडे लक्ष नव्हतं, ती मुलीच्या मागे धावत होती. दरवाजापाशी ती सवयीने वाकली आणि आत गेली. मागे तिची चिमुरडी. तिला वाकायची काही गरजच नव्हती, दरवाजा तिच्यापेक्षा कितीतरी उंच होता. पण आईचं बघून तीही वाकली, अगदी कपाळ गुडघ्याला टेकेल इतकी, आणि बैलाकडे बघून खुदकन हसली.

एल्यादा तसाच वळला आणि समुद्रकाठच्या राजापुढं जाऊन उभा राहिला.

"तुम्ही शपथ मोडलीत! माझ्या मुलीला रोज तुमच्या देवापुढं वाकावं लागतंय!"

"हात कुणी लावला तिला?" त्या राजाने शांतपणे विचारलं.

"हात नाही, पण तो दरवाजा..."

"शपथेत हात म्हटलं होतं, व्याहीबुवा. दरवाजाचं कुठं म्हटलं होतं?"

समोरचा राजा हसला, आणि त्या हसण्यात खरोखर काही वैर नव्हतं. "रागावू नका," तो म्हणाला. "तुमच्याकडे शपथ कशी पाळतात, ते आमच्या दूताने डोळ्यांनी पाहिलंय. ती काशाची छिन्नी! अजून रंगवून सांगतो तो. तेव्हाच आम्हाला वाटलं, हे लोक आपल्यासारखेच व्यवहारी आहेत, यांच्याशी आपलं जमेल."

एल्यादाला बोलायला शब्दच सुचला नाही. जो होता, तो त्याने फार पूर्वीच वापरून टाकला होता.

तो परत त्या बुटक्या दरवाजापाशी आला. आत त्याची मुलगी होती, नात होती. वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. तो कितीतरी वेळ तिथं उभा राहिला.

"बाबा!" आतून तिरसाची हाक आली. तिने त्याचे पाय पाहिले होते. "अहो, बाहेर काय उभे? या ना आत!"

राजाने डोळे घट्ट मिटले आणि तो वाकला. डोळे मिटले होते, पण मान वाकली ती वाकलीच.

तिरसाने त्याला बसवलं, पायांवर पाणी घातलं. राजा तिचा हात धरून म्हणाला, "तिरसा, चल. आत्ताच्या आत्ता घरी चल. पोरीलाही घे."

"का हो बाबा?"

"हे रोजचं वाकणं..."

"अच्छा, ते!" तिरसा म्हणाली. "सुरुवातीला मी फार रडले. कितीतरी दिवस बाहेर अंगणातच झोपले, आत यायचेच नाही. मग मला तुमचं बोलणं आठवलं. मी कुठं बैलाला नमस्कार करते? मी नुसती घरात येते. शपथेला कळलं म्हणजे झालं. तुम्हीच म्हणाला होतात ना?"

वडिलांना बरं वाटावं म्हणून ती हे बोलत होती. तिच्या आवाजात एवढीसुद्धा तक्रार नव्हती. "आणि हिला तर," ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्यासारखं रडावंच लागणार नाही. हिला लहानपणापासूनच सवय आहे."

राजा ढसाढसा रडला. तिरसाला वाटलं, बाबा थकले आहेत, प्रवास फार झाला.

परत आल्यावर एल्यादा वाड्यात गेलाच नाही. तो आपल्या घरच्या जुन्या शेतात गेला. तिथं त्याने मातीत रुतलेला एक दगड उकरून काढला, वेडावाकडा, मधे फुगलेला. नोकर धावले, त्यांना त्याने हात लावू दिला नाही. दगड छातीशी धरून, धापा टाकत, थांबत थांबत तो चढ चढला. त्याचे वाडवडील चढले होते तसाच. आणि त्याने तो दगड वेदीवर ठेवला.

दगड घरंगळून खाली आला.

त्याने तो उचलून दुसरीकडे ठेवला. तिथूनही घसरला. त्या तासलेल्या, गुळगुळीत वेदीवर शेतातल्या दगडाला बसायला जागाच नव्हती. कधीकाळी इथं एक बैल असाच पडत होता आणि पोरं खिदळत होती, ते राजाला आठवलं. या वेळी कुणी हसलं नाही, कारण राजा म्हाताऱ्या माणसासारखा खाली बसला होता आणि दगड पडू नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी वेदीवर धरून ठेवला होता.

दुसऱ्याच दिवशी कापणीचा सण होता. लोक जमले तेव्हाही राजा तसाच बसलेला. नवा याजक पुढं आला आणि हळूच म्हणाला, "महाराज, शपथ."

एल्यादाने मान वर केली. "मी वेदीला लोखंड लावलं," तो म्हणाला.

लोक एकमेकांकडे बघू लागले. पाथरवट घाईघाईने पुढं झाला. "नाही, नाही महाराज! ते कासं होतं. आम्हाला चांगलं ठाऊक आहे. लोखंड कधीच लागलं नाही."

"लोखंडच होतं," राजा म्हणाला. "माझ्या मुलीला विचारा."

कुणाला काही उमगलं नाही. महाराज आता थकले, असं म्हणत लोक आपापल्या घरी गेले. पहाटे कुणीतरी लावून गेलेला दिवा त्या सपाट जागेवर जळत राहिला, आणि त्याच्या शेजारी राजा तो दगड धरून बसला. हात काढला की तो पडत होता, म्हणून त्याने संध्याकाळपर्यंत हात काढला नाही.

तात्पर्य, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो: देवाचा शब्द पाळून त्याचा अर्थ टाळणाऱ्याला वाटतं की आपण काहीच मोडलं नाही, पण आपण काढलेल्या पळवाटेनेच आपली मुलं चालू लागतात, आणि मग त्यांना माघारी बोलवायला आपल्याकडे शब्द उरत नाही.